निळ्या कॅनचं झाकण

धाकटा पंपावरून परत आला तेव्हा त्याच्या हातातला कॅन वाऱ्यानं हलत होता. भरलेला कॅन वाऱ्यानं हलत नाही. दारात जाळं घेऊन बसलेल्या सासू-सुनांनी ते लांबूनच पाहिलं. थोरलीनं, त्याच्या वहिनीनं, हातातली सुई थांबवली नाही. म्हातारीला मात्र गप्प बसणं जन्मात जमलेलं नव्हतं.

"रिकामाच ना?"

"रिकामाच."

"पहाटेचा गेला होतास रे."

"रांगेत होतो. नंबर आल्यावर म्हणाला, कॅनमध्ये द्यायला बंदी आहे, गाडीच्या टाकीतच मिळेल. मी म्हटलं, अहो, आमची गाडी म्हणजे होडी. तर म्हणाला, मग आणा होडी इथं, फुल करून देतो." धाकट्यानं कॅन भिंतीला टेकवला. "सगळी रांग हसली."

"आणि तू?"

"मी पण हसलो. काय करणार!"

थोरलीनं उठून त्याला तांब्याभर पाणी दिलं. ते तो उभ्याउभ्याच प्यायला. त्याचा सदरा घामानं पाठीला चिकटला होता आणि एका चपलेचा अंगठा तुटलेला होता. पाच कोस चालून जायचं, दिवसभर उभं राहायचं, आणि स्वतःच्याच फजितीवर हसून परत यायचं, यानं माणूस जितका दमतो तितका ओझ्यानं दमत नाही.

नडत होतं ते असं. मासेमारीची बंदी संपून दुसऱ्या दिवशी तलाव उघडणार होता. उजाडताना मच्छीमार संस्थेचा भोंगा वाजायचा, सगळ्या होड्या एकदम सुटायच्या, आणि जो ज्या जागी पहिला नांगराचा दगड टाकेल त्याची ती जागा वर्षभर. तलावात जागा म्हणावी अशी एकच होती, काळ्या खडकाची. तिथं पाणी खोल आणि मासा जाड. बाकी सगळीकडे गाळ, शेवाळ आणि बोटभर चिंगळ्या. थोरला, थोरलीचा नवरा, जिवंत होता तोवर काळा खडक दुसऱ्या कुणाला मिळाला नव्हता. तो गेल्यावर गावानं रीत पाळली. मेलेल्या माणसाची जागा एक हंगाम कुणी घेत नाही, तशी ती घेतली नाही. धाकट्यानं वर्षभर तिथं जाळं लावलं आणि घर चाललं. पण रीत एका हंगामाची. या वर्षी ज्याचा दगड त्याचा खडक.

आणि नेमका याच वेळी हमरस्त्यावरचा पूल खचला. पेट्रोलचा टँकर येईना. आला तरी पंपवाला गाड्यांनाच देई. ज्यांच्या घरी मोटरसायकल होती त्यांनी टाकी भरून आणली, नळी तोंडात धरून होडीसाठी उपसली, वर दोन दिवस थुंकत फिरले. या घरात मोटरसायकल नव्हती.

"फटफटीवाल्याकडे मागून बघ," म्हातारी म्हणाली. गावात पहिली मोटरसायकल घेतलेल्या माणसाचं हे नाव. पुढे घरोघरी मोटरसायकली झाल्या, पण नाव त्यालाच राहिलं.

"येताना त्याच्याच दारावरून आलो. म्हणाला, उद्याचा दिवस जाऊ दे, परवा ये, बादलीभर देतो."

"मेल्या," म्हातारी म्हणाली. धाकट्याला नव्हे, फटफटीवाल्याला.

धाकट्यानं तांब्या खाली ठेवला. बोलण्यासारखं एकच होतं, आणि ते तिघांनाही ठाऊक होतं. थोरलीचा भाऊ दोनदा येऊन गेला होता. आता तुझं इथं काय राहिलं, चल घरी, असं तो म्हणाला होता. तो वाईट माणूस नव्हता, त्याचं म्हणणंही खोटं नव्हतं. दोन्ही वेळा थोरलीनं सांगितलं होतं, "हा हंगाम होऊ दे." खडक राहिला तर होडी राहणार होती. होडी राहिली तर जाळी विणायला, मासा निवडायला, बाजारात बसायला तिचे हात लागणार होते. खडक गेला तर धाकटा मजुरीला जाणार, होडी विकणार, आणि विणायला जाळंच नसलेल्या घरात विधवा सून कुठल्या नात्यानं राहणार? पोटी मूल नव्हतं. तिला या घरातून जायचं नव्हतं. या उंबऱ्यावर, या दोघांच्यात, तिला मरेपर्यंत राहायचं होतं.

तिनं सुई जाळ्यात खोचली आणि आत गेली.

मागच्या अंगाला जाळ्यांची खोली होती. तिथं कोपऱ्यात, पोत्याखाली, निळा कॅन होता.

तो थोरल्यानं भरलेला होता. गेल्या वर्षीच्या बंदीच्या शेवटी, एका सकाळी, त्यानं अंगणात बसून पेट्रोलमध्ये मापानं ऑइल घातलं, कॅन गळ्यापर्यंत भरला, हलवला, झाकण लावलं. झाकण लावताना तो दात आवळायचा, ही त्याची सवय. मग उंबऱ्यावर बसला आणि म्हणाला, "जरा पाणी दे गं." ती पाणी घेऊन आली तेव्हा तो बसलेलाच होता, पण नव्हता. डॉक्टर म्हणाले, हृदय. माणूस चाळिशीचाही नव्हता.

दहा-बारा दिवसांत शेजारणींनी त्याचे सगळे कपडे धुऊन टाकले. सदरे, लुंग्या, उशीचा अभ्रासुद्धा. चांगुलपणानंच केलं बिचाऱ्यांनी, साबणही घरचाच आणला. संध्याकाळी थोरलीनं उशीत तोंड खुपसलं तर नुसता साबण. संसार केला तेवढी वर्षं ती त्या वासावरून भांडली होती. हात धुऊन या, घासाला पेट्रोलचा वास येतो, अंथरुणाला येतो, माझ्या केसांना येतो. तो हसून म्हणायचा, "मी नसलो तरी वास येईल." तेवढंही खरं ठरलं नाही.

मग एकदा ती सुतळी आणायला जाळ्यांच्या खोलीत गेली आणि पायाला कॅन लागला.

झाकण निघेना. त्यानं लावलेलं. पदर गुंडाळून दोन्ही हातांनी पिरगाळलं, मनगट मुरगळलं, तेव्हा कुठं ते करकरलं. तो आवाज ऐकून तिला वाटलं, ह्यांच्या हाताची पकड आपण सोडवतोय. तिनं तोंड जवळ नेलं आणि तो आला. हात, मान, सदरा, सगळा आला. ती तिथंच जाळ्यांवर बसून पोटभर रडली. मग झाकण लावलं, लागलं तेवढं.

त्यानंतर ती रोज जात असे. सुतळीला, सुईला, कशालाही. धाकट्यानं हंगामभर विकतचं पेट्रोल घातलं, या कॅनमधलं थेंबभरही घेतलं नाही. म्हातारी तेवढी ओरडायची, "ते विष फेका आधी! घर पेटेल एक दिवस, मग बसा शेकत."

आता थोरली कॅन उचलून बाहेर घेऊन आली आणि धाकट्यापुढे ठेवला.

"हे घाला."

धाकटा कॅनकडे बघत राहिला. "वहिनी, हे दादाचं आहे."

"हंगामासाठीच मिसळलं होतं ह्यांनी. मग हंगामालाच लागू दे."

फेका फेका म्हणून वर्षभर घसा कोरडा करणारी म्हातारी एकदम म्हणाली, "नको! ते नको."

"का नको, आई? तुम्हीच तर म्हणता..."

"म्हणते. म्हणणं वेगळं." म्हातारीनं तोंड फिरवलं. "करा काय करायचं ते. माझं कोण ऐकतंय!"

धाकट्यानं झाकण फिरवलं. ते सहज फिरलं. आत डोकावून तो म्हणाला, "गळ्यापर्यंत होतं ना? बरंच खाली गेलंय."

"उन्हानं उडालं असेल," थोरली म्हणाली.

"उडालं असेल," तोही म्हणाला आणि पुढे काही विचारलं नाही. रंग थोडा चहासारखा झाला होता. वास पहिल्यासारखा नाकात चढत नव्हता, जुन्या रंगाच्या डब्यासारखा बसका येत होता. पण बुडत्याला काडीचा आधार. त्यानं फडकं लावून गाळून ते होडीच्या मशीनच्या टाकीत ओतलं. थोडं कॅनमध्येच ठेवलं. का ठेवलं ते सांगितलं नाही. अंगणभर वास पसरला. म्हातारी पदर नाकाला लावून बसली. बघणाऱ्याला वाटलं असतं, तिला त्रास होतोय.

मशीन होडीला लावून धाकट्यानं नळीवरचा रबरी फुगा दाबला आणि दोरी ओढली. दुसऱ्याच ओढीला ते फुरफुरून सुरू झालं. त्यानं लगेच बंद केलं, थेंबही वाया घालवायचा नव्हता. थोरलीकडे वळून तो हसला, अगदी थोरल्यासारखा. तिनं पटकन मान खाली घातली.

सकाळी सगळा गाव काठावर होता. होड्या नाळेला नाळ लावून, पुढची टोकं एका रेषेत धरून उभ्या. दगड टाकायला होडीत दुसरं माणूस लागतं. थोरला मशीनवर आणि धाकटा दगडावर, अशी जोडी असायची. आता धाकटा मशीनवर आणि दगड मांडीशी घेऊन पुढं थोरली. तिनं पदर खोचला होता. कुणीतरी म्हणालं, "वा, यंदा काळ्या खडकाला लक्ष्मी चालली." शेजारच्या होडीतून फटफटीवाला म्हणाला, "पोहता येतं ना वहिनी? नाहीतर दगडाबरोबर जाल."

"तुमची फटफटी सांभाळा," थोरली म्हणाली. काठावरच्या बायका हसल्या. कितीतरी महिन्यांनी ती असं बोलली होती.

भोंगा वाजला. सगळी मशीनं एकदम गरजली. धाकट्याचं मशीन पहिल्याच ओढीला लागलं आणि होडी अशी सुटली की थोरली दगडासकट मागे कलंडली. धाकट्याला पाण्याची वाट पाठ होती. उथळ कुठं, बुडालेली खोडं कुठं, सगळं दादानं दाखवलेलं. बघता बघता पाच-सहा होड्या मागं पडल्या. फटफटीवाला तेवढा बरोबरीनं होता, मग तोही हातभर मागं गेला. तोंडावर गार पाणी उडत होतं. काळा खडक समोर दिसू लागला, त्यावर बसलेले पाणकावळेही दिसू लागले. थोरलीनं दगडाच्या दोरीचा पीळ सोडवून ठेवला. तिला वाटलं, पोचलो. खरंच तिला वाटलं, आपण राहिलो या घरात.

मशीन खोकलं.

धाकट्यानं मूठ पिळली. ते चढलं, पुन्हा खोकलं, पांढरा धूर ओकलं आणि बसलं. होडी आपल्याच जोरानं थोडी सरकली आणि पाण्यावर आडवी झाली.

त्यानं फुगा दाबला. दोरी ओढली. पुन्हा ओढली. प्लग काढला, सदऱ्याला पुसला, फुंकला, लावला. दोरी ओढली. मशीन फुस्स करी आणि गप्प बसे. मनगटाची शीर दोरीसारखी तटतटली, तळहाताची कातडी सोलली. तो दर ओढीला "दादा" म्हणत होता. त्याला ते कळत नव्हतं, तिला ऐकू येत होतं.

"वल्ही घ्या वहिनी! वल्ही!"

तिनं दगड सोडून वल्ही घेतली. जाळी विणणारे हात ते, वल्ह्याला सरावलेले नव्हते. तरी तिनं अंगातला होता नव्हता तो जोर लावला. फटफटीवाल्याची होडी शेजारून गेली. त्यानं त्यांच्याकडे पाहिलंच नाही, एवढी लाज त्याला होती. त्याच्या लाटेनं यांची होडी डुचमळली. मग खडकाशी त्याच्या माणसानं दोन्ही हातांनी दगड डोक्यावर उचललेला थोरलीनं पाहिला. पाणी उडालेलं आधी दिसलं. आवाज मागून आला.

ती वल्हवतच राहिली. धाकट्यानं येऊन तिच्या हातावर हात ठेवला, तेव्हा थांबली.

परत येताना फटफटीवाल्यानंच विचारलं, "दोरी टाकू का?" धाकट्यानं तोंड फिरवलं. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात, पण ज्याचे पाय धरायचे त्यानंच घर लुटलेलं असलं तर काय धरायचं? थोरलीनं दोरी झेलली. ज्यानं खडक घेतला त्याच्याच मागं बांधून घेऊन, सगळ्या गावासमोर, ते काठाला आले.

काठावर मिस्त्रीनं मशीन उघडलं. तो थोरल्याच्या बरोबरीचा. कार्बोरेटरची वाटी त्यानं बोटानं खरवडली, नखाला तपकिरी डिंक आला.

"किती जुनं हे?"

"दादानं मिसळलेलं," धाकटा म्हणाला.

मिस्त्रीनं नख फडक्याला पुसलं. "नळीत आणि टाकीच्या तळाला गेल्या हंगामातलं होतं, तेवढ्यावर निघालात. मग हे आलं." त्यानं कॅन हुंगला. "वय झालंच होतं याचं. पण तुझ्या दादानं लावलेलं झाकण उघडायला मला पाना लागायचा. तसंच राहिलं असतं, तर कुरकुरत का होईना, खडकापर्यंत नेलं असतं यानं. यातला जीव उडून गेलाय. कोण उघडत होतं हे?"

काठावर माणसं होती. थोरली चिखलात उभी होती, तळहातांना फोड आलेले.

"मी," ती म्हणाली.

"कशाला?" मिस्त्रीनं विचारलं आणि विचारल्याबरोबर त्याला कळलं. त्यानं मान खाली घालून स्क्रू लावायला घेतले.

धाकट्याला मात्र तेव्हा कळायचं नव्हतं. हात सोललेला, मान गेलेला. तो सगळ्यांदेखत ओरडला, "वहिनी, खडक तुम्ही घालवलात! दादानं ठेवलेलं तुम्ही घालवलंत!"

तिनं ते ऐकून घेतलं. कारण ते तिला पटलं होतं.

घरी म्हातारीला बातमी आधीच पोचली होती. ती दारात बसलेली होती, पुढ्यात जाळं नव्हतं. धाकटा येताच तिनं बोलावलं, "इकडे ये. काय बोललास तिला?"

"खरं तेच बोललो. रोज झाकण उघडत होत्या त्या."

"आणि मी?" म्हातारी म्हणाली. "ती पाण्याला गेली की मी काय करत होते? उंदराचं औषध टाकायला जाते म्हणायची मी. या घरात उंदीर पाहिलास कधी? पोटचा पोर होता माझा. माझ्या बोटांना जोर नाही, झाकण नुसतं वर ठेवून यायची मी." तिचा आवाज फुटला, पण तोंड थांबलं नाही. "आणि तू रे? रोज उठून फुगे मोजायला आत जायचास. जाळं तरंगवायचे फुगे आपल्याकडे आहेत बारा. बारा फुगे मोजायला तासभर लागतो होय?"

धाकटा उभाच राहिला. त्यानं आईकडे पाहिलं, वहिनीकडे पाहिलं. मग जिथं थोरला बसला होता त्याच उंबऱ्यावर बसून, सोललेल्या हातांत तोंड घालून, तो लहान पोरासारखा रडला. थोरलीनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. तिघांनी मिळून त्या माणसाचा उरलेला जीव श्वासाश्वासानं ओढून घेतला होता, आणि तिघांनाही वाटत होतं, चोर आपण एकटेच.

पण रडून खडक परत मिळत नाही. मशीन साफ झालं, टँकर आला, धाकट्यानं गाळाच्या बाजूला जाळं लावून पाहिलं. दिवसभर उन्हात उभं राहून शेवाळ ओढायचं, ते झटकायचं, आणि खाली टोपलीचा तळ झाकेल एवढी चिंगळी. फाटलेलं जाळं थोरली संध्याकाळी शिवायची, सकाळी ते पुन्हा फाटायचं. ती पुन्हा शिवायची. पाऊस सरेपर्यंत तिघांनी रेटलं. मग एके दिवशी धाकट्यानं जाळं धुऊन, वाळवून, घडी करून ठेवलं. होडी फटफटीवाल्यानंच घेतली. मिस्त्रीनं शहरात धाकट्याला काम बघून दिलं. म्हातारीनं मुलाबरोबर जायचं ठरलं. थोरलीचा भाऊ यायचा दिवस ठरला.

तो आला. थोरलीचं बोचकं बांधून तयार होतं, ते फार मोठं नव्हतं. भावानं चहा घेतला आणि घड्याळाकडे बघू लागला. थोरली म्हातारीच्या पाया पडली.

"येते, आई."

"थांब जरा," म्हातारी म्हणाली आणि जाळ्यांच्या खोलीत गेली. आता तिथं जाळी नव्हती. ती निळा कॅन आणि औषधाच्या दोन काचेच्या बाटल्या घेऊन आली, स्वच्छ धुऊन सुकवलेल्या. खाली बसून तिनं कॅन तिरका केला. एक थेंबही बाहेर सांडू दिला नाही. एक बाटली भरली, दुसरी भरली, दोन्ही डोळ्यांसमोर धरून पातळी सारखी आहे का पाहिलं. एकीत थोडं जास्त वाटलं, तिचं दुसरीत घातलं. मग एक बाटली थोरलीपुढे केली.

"सारखी उघडू नकोस," ती म्हणाली. "माझ्यासारखं करू नकोस. अगदीच राहवलं नाही, तरच."

थोरलीनं बाटली घेतली. मग मान हलवली.

"आण वहिनी," धाकटा म्हणाला. उभ्या जन्मात त्यानं तिला एकेरी हाक मारली नव्हती. आज मारली, ते त्याच्याही ध्यानात आलं नाही. त्यानं बाटली घेतली, झाकण ठेवलं आणि फिरवलं. फिरवताना त्यानं दात आवळले. फिरेनासं झाल्यावरही आणखी एकदा पिळलं आणि बाटली तिच्या हातात दिली.

तिनं झाकण फिरवून पाहिलं. हललं नाही. पदर गुंडाळून पाहिलं, तरी हललं नाही. तेव्हा तिला इतका वेळ आवरलेलं रडू फुटलं आणि ती बाटली छातीशी धरून उभी राहिली.

"चल ताई," भाऊ बाहेरून म्हणाला, "गाडी चुकेल."